वेधशाळेची थट्टा

जून महिना लागला कीं आमच्या सुशिक्षित समाजांत दोन वस्तु माळ्यावरून खालीं येतात: एक छत्री आणि दुसरी वेधशाळेची थट्टा. पैकीं छत्रीचा कांहीं उपयोग तरी असतो. "आज वेधशाळेनें पाऊस सांगितला आहे, म्हणून छत्री घरीं ठेवून आलों," हा विनोद मीं विद्यार्थिदशेंत प्रथम ऐकला. प्राध्यापक झाल्यावर सहकाऱ्यांच्या बैठकींत दरवर्षीं ऐकला. आणि यंदां एका विद्वान् वक्त्यांनीं आपल्या व्याख्यानाच्या आरंभीं तोच पुन्हां सांगितला, तेव्हां सभागृह पूर्वीइतक्याच मोकळेपणानें हंसलें. मीहि हंसलों. हें आरंभींच कबूल करून ठेवतों. कारण पुढें ज्यांच्यावर मला टीका करावयाची आहे त्यांच्यांत मी स्वतः मोडतों.

त्या सभेहून परततांना माझा एक विद्यार्थी वाटेंत भेटला. त्याचें घर माणदेशांत. चार एकर जिराईत जमीन. बियाणें घरांत येऊन पडलेलें. हातांतील भ्रमणध्वनीवर त्यानें मला त्या दिवसाचें हवामानपत्रक दाखविलें आणि अगदीं साधा प्रश्न विचारला: "सर, मध्य महाराष्ट्रांत तुरळक ठिकाणीं पाऊस, असें लिहिलें आहे. तुरळक ठिकाणीं म्हणजे आमच्या गांवीं पडणार कीं नाहीं? वडील विचारतात, पेरूं कीं थांबूं?" तीस वर्षें मी भाषा शिकवीत आहें. शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शक्ति मीं फळ्यावर किती वेळां लिहिल्या असतील त्याची गणती नाहीं. पण 'तुरळक' या शब्दाची अभिधा मला सांगतां आली नाहीं. "तुरळक म्हणजे थोडाफार," असें कांहींतरी पुटपुटून मीं वेळ मारून नेली. तो नमस्कार करून गेला. घरीं येऊन शोध केला तेव्हां जें कळलें, त्यानें माझी लाज दुप्पट झाली. प्रस्तुत लेख त्या लाजेंतून निघाला आहे.

'तुरळक' हा शब्द वेधशाळेच्या पत्रकांत वर्णनासाठीं येत नाहीं, मापासाठीं येतो. एखाद्या विभागांत जितकीं पर्जन्यमापन केंद्रें असतील त्यांपैकीं शेंकडा २५ किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणीं'. शेंकडा २६ ते ५० केंद्रांवर असेल तर 'कांहीं ठिकाणीं'. ५१ ते ७५ केंद्रांवर असेल तर 'बऱ्याच ठिकाणीं'. आणि त्याहून अधिक असेल तर 'बहुतेक सर्व ठिकाणीं'. केंद्रावर पाऊस पडला असें म्हणावयाचें तर चोवीस तासांत निदान २.५ मिलिमीटर पाणी मापकांत जमलें पाहिजे. 'मुसळधार' हा शब्दहि असाच मोजून बांधलेला आहे: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढें २०४.४ पर्यंत 'अतिमुसळधार', आणि त्याच्याहि वर तिसरी पायरी. शक्यतेचींहि मापें ठरलेलीं आहेत. इंग्रजी पत्रकांत जें केवळ शक्य म्हणून सांगितलेलें असतें त्याचा अर्थ शंभरांत २५ ते ५०; फार शक्य म्हणजे ५० ते ७५; आणि त्याहून वरच्या संभवास निराळा शब्द. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, लाल म्हणजे आतां हालचाल करा. एवढी कोष्टकें ज्याला ठाऊक आहेत त्याला माझ्या विद्यार्थ्याचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें असतें: तुझ्या गांवीं पाऊस पडण्यापेक्षां न पडण्याचा संभव निदान तिप्पट आहे, वडिलांस थांबावयास सांग.

म्हणजे ज्या वाक्याची आम्ही 'मोघम' म्हणून टिंगल करतों तें वाक्य आमच्या साऱ्या वर्तमानपत्रांतील बहुधा सर्वांत मोजकें वाक्य असतें. मोघम असतों आम्ही. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, हवामानाच्या अंदाजाचें अपयश म्हणून आपण जें नाचवितों त्यांतील मोठा भाग आपल्या वाचनाचें अपयश आहे. आणि त्या अपयशाचा दंड हंसणारा भरीत नाहीं, पेरणारा भरतो.

प्रथम वर्तमानपत्रांकडे पाहूं. वेधशाळा लिहिते, अमुक विभागांत तुरळक ठिकाणीं मुसळधार पावसाची शक्यता. हें वाक्य मथळ्यांत बसत नाहीं, म्हणून प्रथम 'तुरळक ठिकाणीं' गळतें, मग 'शक्यता' गळते, उरतें 'मुसळधार'. त्याला 'झोडपणार' हें क्रियापद जोडलें कीं मथळा सिद्ध झाला. दुसऱ्या दिवशीं चारांपैकीं तीन वाचकांच्या अंगणांत ऊन पडतें आणि ते म्हणतात, वेधशाळा चुकली. वस्तुतः वेधशाळेनें जें सांगितलें तें अक्षरशः घडलेलें असतें. जें घडलें नाहीं तें मथळेकारानें सांगितलें होतें. परंतु त्याच्या नांवानें कोणी विनोद करीत नाहीं. एखाद्या कवीच्या ओळींतील दोन शब्द गाळून कोणी ती छापली तर आम्ही साहित्यिक लोक पाठशुद्धीच्या नांवानें केवढा गदारोळ करूं! ज्या ओळीवर एका घराचें वर्षाचें धान्य अवलंबून आहे तिच्या पाठशुद्धीची मात्र आम्हांस पर्वा नाहीं.

येथें आक्षेपक म्हणतील, "हा सारा शब्दच्छल झाला. वेधशाळेनें सरळ गांवाचें नांव सांगावें. विज्ञान इतकें पुढें गेलें, मग टक्केवारीच्या आड कां लपावें?" आक्षेप रास्त दिसतो, पण तो करण्यापूर्वीं पाऊस पडतो कसा हें एकदां पाहावें.

हवा वर चढली म्हणजे तिच्यावरील दाब कमी होतो. ती फुगते, आणि फुगण्यांत आपली उष्णता खर्चून थंड होते. ठराविक मर्यादेखालीं थंड झाली कीं तिच्यांतील वाफ वाफरूपानें राहूं शकत नाहीं. हवेंत तरंगणाऱ्या मिठाच्या, धुळीच्या, धुराच्या सूक्ष्म कणांवर बसून तिचें पाणी होतें. असा कण आधारास नसेल तर वाफेला थेंब होणें अतिशय कठीण जातें, हें जॉन एटकेन या स्कॉटिश संशोधकानें १८८० च्या सुमारास प्रयोगांनीं दाखवून दिलें. ढग म्हणजे या जलकणांचा समुदाय. परंतु हे कण इतके बारीक असतात कीं त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्श्याएवढाच भरतो. ते पडत नाहींत, तरंगतात. अशा सुमारें दहा लाख कणांचें पाणी एकत्र येईल तेव्हां पावसाचा एक चांगला थेंब तयार होतो. म्हणून आभाळ आलें म्हणजे पाऊस आला, असें नाहीं. आलेलें आभाळ न बरसतां निघून जातें तेव्हां तें कोणास फसवीत नाहीं. दहा लाखांची ती जुळणी झालेली नसते, इतकेंच.

आतां हवा वर चढते कशानें? आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारांनीं. समुद्रावरून येणारें मोसमी वारें सह्याद्रीला अडतें आणि उतरणीवरून वर ढकललें जातें. म्हणून कोंकण आणि घाटमाथा न्हाऊन निघतो. तीच हवा पलीकडे उतरूं लागली कीं दबते, तापते, आणि ढग विरूं लागतात. महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून घाट उतरून तीस-पस्तीस किलोमीटरांवरील वाईस एक हजारहि पुरता पडत नाहीं. हा झाला एक प्रकार. यांत निदान डोंगर जागचा हालत नाहीं. दुसरा प्रकार वळवाचा. वैशाखांत तापलेल्या जमिनीवरील हवा दुपारीं उसळून वर जाते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहतो. पण त्याची रुंदी अवघी पांच-दहा किलोमीटर आणि आयुष्य तासाभराचें. अशा पावसांत एका शिवारांत पाणी वाहतें आणि शेजारच्या शिवारांत धूळ उडते. बैलाचें एक शिंग ओलें आणि एक कोरडें, असें आमचा कुणबी म्हणतो, तें निरीक्षणानें म्हणतो. शहरांतील माणसाला हें पटत नसेल तर त्यानें २६ जुलै २००५ हा दिवस आठवावा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईच्या दुसऱ्या टोंकास कुलाब्यास पाऊणशेहि नाहीं. एका शहरांत, एका दिवशीं, एवढें अंतर! त्या दिवशीं 'मुंबईंत किती पाऊस पडला?' या प्रश्नाला एक उत्तर नव्हतें. मग 'माण तालुक्यांत उद्यां पाऊस पडेल काय?' या प्रश्नाला होय किंवा नाहीं असें एकच उत्तर मागणारे आपण निसर्गापाशीं जें नाहीं तें वेधशाळेपाशीं मागत असतों.

शिवाय निसर्गानेंच एक मर्यादा घालून ठेविली आहे. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानें १९६१ सालीं संगणकावर हवामानाचें एक गणित पुन्हां करतांना ०.५०६१२७ या आंकड्याऐवजीं ०.५०६ एवढाच आंकडा घातला. फरक हजारांत एकाहूनहि कमी. पण कांहीं काळाच्या हिशोबानंतर दोन्ही उत्तरांचा एकमेकांशीं संबंधच उरला नाहीं. आजच्या हवेचें आपलें मोजमाप कितीहि काटेकोर असलें तरी त्यांत असा सूक्ष्म फरक राहणारच, आणि म्हणून रोजच्या हवेचें भाकीत दोन आठवड्यांच्या फारसें पलीकडे नेतां येत नाहीं. आपल्या ज्ञानाची सीमा कोठें आहे हेंहि जें शास्त्र मोजून सांगतें, त्याचे टक्के म्हणजे पळवाट नव्हे. तोच त्याचा प्रामाणिकपणा आहे. पळवाट शोधावयाची तर ज्योतिषाकडे जावें.

आणि लोक तिकडे जातातहि. "वेधशाळेपेक्षां आमचें पंचांग बरें," असें म्हणणाऱ्यांत पदवीधर थोडे नाहींत. पर्जन्यनक्षत्रांचीं वाहनें पंचांगांत दिलेलीं असतात: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावें, आलेल्या संख्येस नवानें भागावें, आणि बाकीवरून वाहन ओळखावें. या रीतींत हवा नाहीं, वाफ नाहीं, वारा नाहीं, डोंगर नाहीं. नवाचा पाढा तेवढा आहे. आणि गंमत अशी कीं, एकदां बेडूक ठरला म्हणजे तो सावंतवाडींतहि बेडूक आणि सांगोल्यांतहि बेडूकच! वेधशाळा महाराष्ट्राचे चार विभाग करून प्रत्येकाला निराळें सांगते तर ती मोघम. आणि सबंध देशाला एकाच प्राण्यावर बसविणारें पंचांग मात्र सूक्ष्म!

नक्षत्रांचा मीं येथें उपहास करीत आहें असें मात्र कोणी समजूं नये. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा हीं नांवें शेतकऱ्याची दिनदर्शिका आहेत, आणि दिनदर्शिका म्हणून तीं उत्तम आहेत. पण दिनदर्शिका पाऊस पाडीत नाहीं. सूर्याचा मृगप्रवेश ऋतूंच्या मानानें सुमारें बहात्तर वर्षांस एक दिवस पुढें सरकतो. वराहमिहिराच्या काळीं तो आजच्या मानानें सुमारें तीन आठवडे आधीं, मे महिन्यांत होत असे. तेव्हां मृगाच्या मुहूर्तावर मोसमी पाऊस येतो ही जोडी अनादि नाहीं. अलीकडच्या शतकांतील आपल्या पूर्वजांनीं आभाळाकडे डोळे उघडून पाहिलें, म्हणून ती जुळली. त्यांचा वारसा सांगावयाचा तर डोळे उघडण्याचा सांगावा.

आणि 'आमचें प्राचीन' म्हणून छाती पुढें काढावयाची असेल तर कौटिल्याचें अर्थशास्त्र उघडावें. कोठारांत अरत्निभर रुंद तोंडाचें कुंड पर्जन्यमापनासाठीं ठेवावें, असा त्याचा आदेश आहे. अश्मकांत साडेतेरा द्रोण, अवंतींत तेवीस द्रोण, आणि अपरांतांत, म्हणजे आपल्या कोंकणांत, अमित पाऊस, अशी प्रदेशवार नोंद तो देतो. आणि पाणी किती पडलें तें पाहून त्याप्रमाणें अधिक वा कमी पाण्याचें पीक पेरावें असें सांगतो. ग्रहगतीचा उल्लेख त्यानेंहि केला आहे. पण कुंड ठेवावयास तो विसरला नाहीं. आम्हीं ग्रह तेवढे ठेवले आणि कुंड फोडून टाकलें. पुण्याच्या वेधशाळेंतील मापक हा कौटिल्याच्या कुंडाचा खरा वंशज आहे. आणि त्याच्याकडे पाहून हंसणारे आम्ही स्वतःस परंपरेचे अभिमानी म्हणवितों.

हें सारें मान्य करूनहि एक आक्षेप उरतो, आणि तो मी टाळणार नाहीं: अंदाज खरोखरच चुकतात. अवश्य चुकतात. ४ जून १८८६ रोजीं हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं या देशांतील मोसमी पावसाचें पहिलें नियमित दीर्घकालीन अनुमान प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून या कामांत ठेंचा खाणें चालूच आहे. २००२ सालीं सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता. पडला ८१ टक्के. ही चूक होती, आणि मोठी होती. पण पुढें काय झालें? चुकलेली पद्धति टाकून देण्यांत आली आणि नवी बांधण्यांत आली. नक्षत्राचें वाहन किती वेळां चुकलें याची कोणी नोंद ठेविली आहे काय? नोंदच नाहीं, म्हणून चूक नाहीं. आणि चूक नाहीं, म्हणून सुधारणा नाहीं. जें शास्त्र आपल्या चुकांचा जाहीर हिशोब ठेवतें त्यालाच आपण चुकार ठरवितों, हा न्याय विलक्षण आहे. दुसरी बाजूहि पाहावी. १९९९ च्या ऑक्टोबरांत ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलें तेव्हां दहा हजारांच्या आसपास माणसें मेलीं. २०१३ च्या ऑक्टोबरांत त्याच किनाऱ्यावर फायलिन नांवाचें प्रचंड वादळ आलें. वेधशाळेचा इशारा आधीं मिळाला, शासनानें तो ऐकला, सुमारें दहा लाख लोकांना हलविलें, आणि मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. तेथें त्या शब्दांवर कोणी विनोद केला नाहीं. ते ऐकले, आणि माणसें वांचलीं.

आपल्याकडे काय होतें तें २०१७ सालीं दिसलें. हंगामाच्या तोंडावर देशांत सरासरीच्या ९८ टक्के पाऊस होईल असें अनुमान प्रसिद्ध झालें. पुढें मराठवाड्यांत पावसानें ओढ दिली, पेरलेलें वाळूं लागलें, आणि बीड जिल्ह्यांतील कांहीं शेतकऱ्यांनीं वेधशाळेविरुद्ध पोलिस ठाण्यांत तक्रार नोंदविली. त्या वेळीं शहरांत या बातमीवर पुष्कळ हंशा पिकला. पण या गोष्टींत हंसण्याजोगें काय आहे? हंगामाच्या अखेरीस देशाचा हिशोब झाला तो ९५ टक्के. म्हणजे अनुमानाबरोबर दिलेल्या चार टक्क्यांच्या मर्यादेंत. वेधशाळेचें विधान खरें होतें, आणि त्या शेतकऱ्यांचें नुकसानहि खरें होतें. दोन्ही खरीं असूं शकतात, कारण तें विधान सबंध देशाच्या चार महिन्यांविषयीं होतें आणि पेरणी एका शिवारांतील पंधरवड्याविषयीं असते. या दोहोंमध्यें जें अंतर आहे तें कोणी तरी समजावून सांगावयास हवें होतें. तें काम वर्तमानपत्रांचें होतें, शिक्षकांचें होतें, आमच्यासारख्या पदवीधरांचें होतें. आम्हीं देशाची सरासरी 'यंदां पाऊस चांगला' एवढ्या तीन शब्दांत बसवून खेड्यांत धाडली, आणि तिच्यावर विसंबून ज्यानें पेरलें तो पोलिसांत गेला तेव्हां त्याला भोळा म्हटलें. तक्रार चुकीच्या दारीं गेली, हें खरें. पण बरोबर दार कोणतें, याचा विचार करतांना मला आमच्याच वर्गाचें दार दिसूं लागतें.

याच चुकीची दुसरी आवृत्ति 'आगमना'ची. २०२५ सालीं मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत आणि २६ मे रोजीं मुंबईंत दाखल झाला. मुंबईची नेहमींची तारीख ११ जून. जिकडे तिकडे आनंदीआनंद झाला. पण त्यानंतर त्याची पुढील वाटचाल दोन आठवड्यांहून अधिक काळ थबकली. आगमन म्हणजे कांहीं ठराविक केंद्रांवरील पाऊस आणि वाऱ्यांची दिशा, उंची व वेग यांवरून काढलेला शास्त्रीय निष्कर्ष आहे. पेरणीचा शंख नव्हे. वळवाच्या पहिल्या सरीनें किंवा आगमनाच्या बातमीनें जो चाडें धरतो त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते. आणि दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणें, दुसऱ्यांदा खत, दुसऱ्यांदा कर्ज. म्हणून कृषितज्ज्ञ सांगत असतात कीं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत पुरेशी ओल झाल्यावांचून पेरूं नये. हा सल्ला नवा नाहीं, गुप्तहि नाहीं. आठवड्यांतून दोनदां निघणाऱ्या कृषिहवामान पत्रकांतून तो मराठींत येत असतो. पण ७५ मिलिमीटर म्हणजे किती, हें गांवांत मोजावयाचें कोणीं आणि कशानें?

वेधशाळाहि सर्वस्वीं निर्दोष नाहीं. तिनें शब्दांना मापें दिलीं, पण मापांची किल्ली आपल्याच कपाटांत ठेविली. ज्या पत्रकांत 'तुरळक' लिहावयाचें त्याच पत्रकांत, त्याच ओळीखालीं, 'म्हणजे चारांपैकीं एक केंद्र किंवा त्याहून कमी' असें लिहावयास किती शाई लागते? आणि इंग्रजींत तीन पायऱ्यांची शक्यता असतां मराठी वाचकाला एकाच 'शक्यते'वर कां भागवावें लागतें? भाषा ही या शास्त्राची शेवटची यंत्रसामग्री आहे. उपग्रह, रडार आणि महासंगणक यांवर कोट्यवधि रुपये खर्चून मिळविलेलें ज्ञान शेवटच्या दोन शब्दांत सांडून जात असेल तर तो खर्च अर्धा फुकट गेला म्हणावयाचा.

आतां माझ्या स्वतःच्या जातीविषयीं, म्हणजे साहित्याच्या प्राध्यापकांविषयीं. मेघांवर आमच्याइतकें कोणी बोललें नसेल. आमच्या कवितांत मेघ दाटतात, गर्जतात, विरह वाढवितात. पण कोणता मेघ बरसतो आणि कोणता नुसता सांवली देऊन जातो हें आम्हांस विचारूं नये. ज्या कालिदासाचें नांव आम्ही घेतों त्यानें आपल्या काव्याच्या आरंभींच मेघ हा धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा मिळून झालेला आहे असें सांगून मग त्याला दूत केलें. यावरून कालिदासास एटकेनचे प्रयोग ठाऊक होते, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मला बसावयाचें नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, ढग कशाचा बनतो हा प्रश्न त्या महाकवीला काव्याच्या बाहेरचा वाटला नाहीं. १८०२ सालीं लंडनमधील ल्यूक हॉवर्ड नांवाच्या औषधी रसायनांच्या व्यापाऱ्यानें ढगांचे आकार पाहून त्यांना नांवें दिलीं: केसांच्या बटेसारखा तो सिरस, राशीसारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रेटस, बरसणारा तो निंबस. तीं नांवें आजहि जगभर चालतात. आणि जर्मनीचा महाकवि गटे यानें या औषधवाल्याच्या गौरवार्थ कविता लिहिली. आमच्याकडे वेधशाळेंत आयुष्य घालविलेल्या कोणा शास्त्रज्ञाला एखाद्या कवीनें असा नमस्कार केल्याचें मला आठवत नाहीं. आमच्याकडून त्याला मिळतो तो छत्रीचा विनोद.

तेव्हां करावयाचें काय? माझ्या मागण्या तीनच आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. पहिली वर्तमानपत्रांस: जून ते सप्टेंबर हवामानाच्या बातमीखालीं चार ओळींचें मापांचें कोष्टक रोज छापावें, आणि मथळ्यांतून 'तुरळक' गाळूं नये. दुसरी वेधशाळेस: मराठी पत्रक हें इंग्रजीचें उष्टें न ठेवतां त्यांत शक्यतेचा आंकडा द्यावा. तिसरी शाळा-महाविद्यालयांस: प्रत्येक अंगणांत एक पर्जन्यमापक असावा. सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी एवढ्यावरहि आरंभ होतो. रोज सकाळीं साडेआठला मुलांनीं पाणी मोजावें, फळ्यावर लिहावें, आणि कालच्या अंदाजाशीं ताडून पाहावें. अंदाज चुकला तर चुकला म्हणून लिहावें. एका पावसाळ्यांत त्या मुलांना संभव म्हणजे काय, सरासरी म्हणजे काय, आणि आपल्या गांवीं ७५ मिलिमीटर केव्हां झाले, हें जितकें कळेल तितकें पदव्या घेऊनहि आम्हांस कळलें नाहीं.

माझ्या महाविद्यालयाच्या आवारांत असा एक मापक मीं बसविला आहे. माझ्या विद्यार्थ्यालाहि पत्र लिहून त्याच्या प्रश्नाचें उत्तर कळविलें. पण तें आठ दिवस उशिरा गेलें. त्याच्या वडिलांनीं त्यापूर्वींच पेरलें होतें. पुढें काय झालें हें त्यानें मला अद्याप कळविलेलें नाहीं, आणि विचारण्याचा धीर मला झालेला नाहीं. पुढील जूनमध्यें कोणीं तो छत्रीचा विनोद सांगितला तर मी हंसणार नाहीं. 'तुरळक म्हणजे किती?' एवढेंच त्यांस विचारीन.